प्लास्टिकच्या बुटाला खोबरेल

सकाळचे सात वाजलेले, उकाड्याने अंग आधीच चिकचिकलेलं, आणि ओगलेकाका आमच्या कॉन्डोच्या पूलभोवती फेऱ्या मारत होते. अंगात बनियन, खाली गुडघ्यापर्यंतची पट्ट्यापट्ट्याची चड्डी, आणि पायात बर्फावर स्कीइंग करायचे बूट. काळे, नडगीपर्यंत चढलेले, एकेका पायाला चार-चार बकलं. टक्, टक्, टक्, टक्. मी पाण्यात होते. डोळ्यांवरचा गॉगल काढून पाहिलं, तरी दृश्य बदललं नाही.

"काका, हे काय?"

"बूट," ते म्हणाले. "नवे आहेत. सैल करतोय."

आणि पुढच्या फेरीला निघाले. गेटवरचा गार्ड आपली खुर्ची सोडून बघायला आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी पाण्यात बुडी मारली. काही प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा बुडी बरी.

विनायक ओगले, वय सहासष्ट. पुण्याहून नोकरीसाठी विषुववृत्ताजवळच्या या बेटावर आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. एका शिपिंग कंपनीत जहाजांची वेळापत्रकं आखायचे, तिथूनच निवृत्त झाले. आम्ही ईस्ट कोस्ट भागात राहायचो तेव्हा आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात ते आणि शुभदाकाकू. मुलगा अमेय, सून आणि नात सानिका शेजारच्या टॉवरमध्ये. आम्ही गेल्या वर्षी मुलाच्या शाळेसाठी बुकित तिमाहला राहायला आलो. इथला पूल मोठा आहे, झाडी छान आहे, सगळं छान आहे. पण समोरच्या दारात कोण राहतं ते मला अजून माहीत नाही, आणि मग काकांची आठवण येते.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नवं आहे, चावणारच. होईल सैल." हे वाक्य ते बुटाला लावत, खुर्चीला लावत, सुनेला लावत आणि सरकारच्या नव्या नियमांनाही लावत. माझ्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात एकदा नवा बॉस आला. तीन महिन्यांत त्याने मला जीव नको केला. एका संध्याकाळी लिफ्टमध्ये काकांनी नुसतं "काय गं मेधा, बरी आहेस ना?" म्हटलं, आणि मी तळमजल्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत भडाभडा बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नवा आहे, चावणारच. होईल सैल." कसला सैल होतोय! दीड वर्षाने त्याची बदली झाली तेव्हा कुठे मी सुटले. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बघ! मी म्हणत नव्हतो?" आता यात काय बघायचं?

काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. हे अजून मी सैल व्हायची वाट बघतायत."

दुसरं वाक्य होतं, "तसं काही नाही." दाढ दुखतेय का काका? तसं काही नाही. ताप आहे का? तसं काही नाही, अंग जरा गरम आहे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, त्यांनी एकदा बिनसाखरेची कॉफी मागितली आणि गोडमिट्ट आली. काकांनी ती मुकाट्याने प्यायली, वर त्या बाईला "व्हेरी नाइस" म्हणून आले. ती बिचारी तेव्हापासून त्यांना लांबून येताना पाहिलं की साखर घालून तयार ठेवायची. अकरा वर्षं हा माणूस नको असलेली साखर पितोय, कारण सांगायचं कसं! मी एकदा म्हटलं, "मी सांगते तिला." तर माझा हात धरला. "नको गं. एवढं प्रेमाने करते ती."

आता हा माणूस आणि स्कीइंग, हे गणित कुठे बसतं? तर ते बसवलं नातीने, सानूने. अमेयची मंडळी दर डिसेंबरात जपानला, होक्काइदोला बर्फात जायची. काका-काकू कधी गेलेच तर हॉटेलच्या लॉबीत बसायचे. काकू विणायच्या, काका सगळ्यांचे मोबाइल आणि चहाचा थर्मास सांभाळायचे. त्या वर्षी दहा वर्षांची सानू इथल्या लाह-आह लावलेल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, धिस टाइम यू कम अप विथ मी लाह. ईझी स्लोप, बेबीज ऑल्सो कॅन डू." काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि एका शब्दात हो म्हणाले. काकूंच्या हातातली सुई थांबली.

अमेय म्हणाला, "बाबा, बूट तिथे भाड्याने मिळतात." झालं! काका शहारलेच. "दुसऱ्याच्या घामाचे बूट मी पायात घालू? छे!" आणि कुणालाही न सांगता एकटेच एका मॉलमध्ये जाऊन, थंडीच्या कपड्यांच्या दुकानातून नवे कोरे बूट घेऊन आले. तेही दोन महिने आधी. का, तर घरात घालून सैल करता येतील. आपल्याकडे जूनमध्ये शाळेचे बूट आणायचे आणि पहिल्या दिवसाच्या आधी आठवडाभर घरात घालून फिरायचं, तसं.

मग आमच्या मजल्यावर टकटक सुरू झाली. काका बूट घालून बातम्या बघायचे, बूट घालून फोनवर बोलायचे, बूट घालून देवाला फुलं वाहायचे. हे शेवटचं मात्र काकूंनी पहिल्याच दिवशी बंद पाडलं. खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम वर आल्या. अत्यंत सभ्यपणे त्यांनी विचारलं की घरात काही दुरुस्तीचं काम चालू आहे का, आणि ते कधी संपेल. काकांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्यांनी त्यांना चिवड्याचा डबा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून पूलच्या काठाची वाट धरली. बूट काही केल्या ऐकेनात तेव्हा त्यांनी खोबरेल लावायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून, कापसाच्या बोळ्याने, मन लावून. काकू मला म्हणाल्या, "माझ्या डोक्याला लावायला थेंब उरला नाही. बूट मात्र कसे चमकतायत बघ."

मी हसत होते. खरं सांगते, महिनाभर मी नुसती हसत होते. मग एका शनिवारी हसू बंद झालं.

शनिवार सानूचा आणि आजोबांचा. दोघं सकाळी समुद्राकाठच्या पार्कात सायकली चालवायचे, मग हॉकर सेंटरमध्ये बसून रोटी-पराठा खायचे. त्या दिवशी मी पार्कात चालायला गेले, तर सानू एकटीच सायकलवरून पुढे गेलेली आणि काका एका बाकावर, पायात चपला. चपलेतून उजव्या पायाचा अंगठा दिसत होता. नख काळंनिळं, बाजूने सुजलेलं. करंगळीला फोड येऊन फुटलेला.

"काका! हे काय झालंय?"

"तसं काही नाही."

"नख काळं पडलंय!"

"ते आधीपासूनच जरा सावळं आहे."

मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! "साखर आहे तुम्हाला. पायाला जखम झाली तर डॉक्टर काय म्हणतात माहितीये ना? काकूंना सांगते आत्ताच्या आत्ता." मी फोन काढला. काका एकदम उभे राहिले, कळवळले आणि परत बसले.

"अगं, नको. शुभा अमेयला सांगेल. अमेय म्हणेल, बाबा, तुम्ही खाली लॉबीत बसा, कॉफी प्या." ते लांब गेलेल्या सानूकडे बघत होते. "मार्चमध्ये ते झुरिकला चाललेत. अमेयला तिकडे नोकरी मिळाली. तुला बोललो नव्हतो. तिकडे दारात बर्फ. पोर दर हिवाळ्यात स्कीइंग करणार. एकदा तिच्याबरोबर खाली आलो, तर ती कुणाला तरी म्हणेल, मी आजोबांबरोबर केलं होतं. नाहीतर मी कोण? थर्मास सांभाळणारा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "आधी डॉक्टर. मग दुकान. बूट बदलून घ्यायचे."

"दुकानात काय सांगणार? त्यांचा बूट बरोबरच आहे. पाय माझा आहे."

डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि दोन आठवडे बूट बंद सांगितले. त्या दोन आठवड्यांत काकूंना कळलं. नवऱ्याच्या पायाची पट्टी बायकोपासून लपत नाही. काकू एका शब्दाने अमेयला बोलल्या नाहीत, पण मला म्हणाल्या, "तू जा त्यांच्याबरोबर. एकटे गेले तर अजून एक जोड घेऊन येतील."

हे थोडक्यात हुकलं. दुकानात शिरल्यावर मला ऑफिसचा फोन आला, म्हणून मी पाच मिनिटं बाहेर गेले. परत आले तर काका काउंटरवर उभे, आणि विक्रेता त्यांना लोकरीचे हातमोजे बांधून देत होता. तक्रारीचं नाव नाही! मी डोळे वटारले तेव्हा कुजबुजले, "अगं, त्याने आपणहून दाखवले. नको कसं म्हणायचं?" मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बूट घेताना याच विक्रेत्याने फक्त पायाची लांबी मोजली होती आणि एकामागून एक तीन खोकी उघडली होती. तिसरा जोडही घट्ट होता. पण चौथं खोकं काढायला लावायचं काकांच्या जिवावर आलं. "घामाघूम झाला होता तो. म्हटलं, व्हेरी कम्फर्टेबल."

मी विक्रेत्याला सांगितलं, बूट चुकीच्या मापाचे दिलेत, यांच्या पायाला जखम झाली. त्याने पावतीवरची बारीक अक्षरं दाखवली, वापरलेला माल परत घेत नाही म्हणून. मी माझा आवाज चढवला. काका माझा दुपट्टा ओढायला लागले. तेवढ्यात आतून एक बाई आल्या, पन्नाशी उलटलेल्या, केस आखूड कापलेले, गळ्यात मोजायची टेप. मूळच्या बर्फावरच्या स्केटिंगचे बूट पायाला बसवून देणाऱ्या. काकांनी बूट घेतले त्या दिवशी त्या रजेवर होत्या. त्यांनी काकांना स्टुलावर बसवलं, पट्टी पाहिली आणि विक्रेत्याकडे असं पाहिलं की तो आतल्या बाजूला खोकी लावायला निघून गेला.

"अंकल, युअर फुट सो वाइड, धिस बूट सो नॅरो. हाऊ कॅन?"

काका ओशाळून म्हणाले, लहानपणी गावाला चौथीपर्यंत अनवाणी फिरलो, चवडा पसरला. जणू त्यांनी मुद्दाम केलं होतं! मग म्हणाले, वापरून वापरून सैल होईल असं वाटलं होतं. बाईंनी बुटावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "व्हॉट इज धिस? कोकोनट?" मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी बुटावर टकटक केलं. "अंकल, धिस वन प्लास्टिक. नॉट लेदर. यू वेट टेन यर्स ऑल्सो, सेम-सेम."

ओगलेकाका त्या बुटाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला फसवल्याचं दिसलं, आणि फसवणारा कोण हे त्यांना उमगत नव्हतं.

बाईंनी सांगितलं, उपाय आहे. जिथे दुखतं तिथे प्लास्टिक गरम करून आतून फुगवायचं. फक्त दुखतं कुठे ते नेमकं सांगायचं. त्यांनी काकांना पातळ पांढरे मोजे घालायला दिले, हातात निळा मार्कर दिला आणि म्हणाल्या, खुणा करा. काका मार्कर धरून बसले. "तसं काही नाही," म्हणाले. "थोडंसं इथे. म्हणजे अगदी इथेच असंही नाही."

"अंकल, यू डोन्ट से, आय पुश राँग प्लेस. देन नेक्स्ट वीक यू क्राय."

मी म्हटलं, "काका, तुम्हाला सानूची शपथ आहे. सांगा."

एक ठिपका पडला, करंगळीपाशी. मग अंगठ्याच्या बुडाशी. मग घोट्याच्या आतल्या बाजूला. मग टाचेला, वर नडगीला, दोन्ही पायांना. एकदा सुरुवात झाली आणि थांबेचना. पांढरे मोजे निळ्या ठिपक्यांनी भरून गेले. बाई हं, हं करत होत्या, वहीत लिहून घेत होत्या. ठिपके संपले तरी मार्कर हातात तसाच होता. काका मान वर न करता मला मराठीत म्हणाले, "मार्चनंतर शनिवारी मी काय करायचं गं?"

 मी त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले.  दुकानातल्या बाईंना भाषा कळली नव्हती, पण त्यांनी वही मिटली, आतून गरम पाण्याचा ग्लास आणला आणि काकांच्या हातातला मार्कर हळूच काढून घेतला.

बूट तीन दिवसांनी मिळाले. बाजूंना अशी टेंगळं आलेली की काकू म्हणाल्या, "हुबेहूब तुमचे पाय." पण बसले! काकांनी घातले, दोन पावलं चालले आणि अविश्वासाने खाली बघितलं. सहासष्टाव्या वर्षी या माणसाला कळलं की बूट न चावताही घालता येतो.

होक्काइदोहून काकूंनी व्हिडिओ पाठवला. लहान मुलांचा उतार, घसरगुंडीपेक्षा थोडा मोठा. चार-चार वर्षांची पोरं सुळ्ळकन खाली येतायत आणि त्यांच्यामध्ये ओगलेकाका, गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याचा भाव. शेजारी सानू, "पिझ्झा, आजोबा, पिझ्झा!" ओरडतेय, म्हणजे पायातल्या फळ्यांची टोकं जवळ आण आणि वेग कमी कर. काकांनी वेग इतका कमी केला की ते उभेच राहिले आणि मग उभ्याउभ्याच आडवे झाले. व्हिडिओत काकूंचं हसणं एवढं मोठं होतं की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

पुढचं काकांनी मला परत आल्यावर सांगितलं. सानू जवळ आली आणि म्हणाली, "पेन आह, आजोबा?" ते म्हणाले, "हो. मांड्या भरून आल्यात. उठवत नाही." तर ती पोरगी पायातल्या फळ्या काढून त्यांच्या शेजारी बर्फात फतकल मारून बसली. पंधरा मिनिटं. मैत्रिणींच्या गोष्टी सांगत. मग दोघं उठले आणि तळापर्यंत बरोबर गेले. दुसऱ्या दिवशी परत, दोनदा. "अगं मेधा," ते म्हणाले, "मला इतकी वर्षं कळलंच नाही. दुखतंय म्हटलं की माणूस शेजारी येऊन बसतं."

मार्चमध्ये विमानतळावर आम्ही सगळेच गेलो होतो. काका सगळ्यांदेखत रडले. नीट, आवाज काढून. अमेय गोंधळला, "बाबा, बाबा" करायला लागला. काकू म्हणाल्या, "रडू दे. तू पासपोर्ट बघ." काकांनी सानूचे दोन्ही हात धरले. "मला तुझी फार आठवण येणार आहे. रोज फोन करायचा. जमेल तेव्हा नाही, रोज." ज्या माणसाने कुणाकडे चौथं खोकं मागितलं नाही, त्याने हे मागितलं. सानूने मान हलवली.

आणि पोरीने शब्द पाळला. आमच्या दुपारी दीडला तिकडे सकाळचे साडेसात. ती शाळेला चालत निघते आणि फोन करते. "आजोबा, टुडे व्हेअर पेन?" काका यादी वाचतात. गुडघा. मान. आमटी खारट झाली होती. लिफ्ट दोन दिवस बंद. काकू म्हणतात, "एवढी वर्षं गप्प होता तेच बरं होतं." पण सव्वा वाजला की फोन चार्जिंगवरून काढून त्याच त्यांच्या हातात देतात.

मागच्या महिन्यात इथल्या एका सुट्टीच्या दिवशी दोघं बुकित तिमाहला आमच्याकडे जेवायला आले. पानं वाढली आणि फोन वाजला. स्पीकर चालू होता. सानूने नेहमीचा प्रश्न विचारला. काका पुरी तोडता तोडता म्हणाले, "आज कुठेच नाही. मजेत आहे. आज तू सांग."

पलीकडे नुसती चालण्याची चाहूल. मग ती चाहूलही थांबली. "नोबडी सिट्स विथ मी अॅट लंच, आजोबा," असा बारीक आवाज आला, आणि मग रडणं.

काकांनी पुरी पानात ठेवली. स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला, आणि खुर्ची सरकवून बाल्कनीत गेले. काकूंनी त्यांचं पान झाकलं. आम्ही कुणी घास घेतला नाही. काचेच्या दारापलीकडून अधूनमधून "हं" ऐकू येत होतं, आणि एकदा "कधीपासून?" बराच वेळ गेला. मग बहुतेक तिने सांगितलं असावं की शाळेची घंटा व्हायची वेळ झालीये, कारण काकांचा आवाज एकदम स्वच्छ ऐकू आला.

"होऊ दे उशीर. तू बोल. मी आहे."